ओल्डहॅम : सुताचे, यंत्रांचे आणि समभागांचे शहर

मँचेस्टरच्या ईशान्येला साधारण सात मैलांवर, पेनाइन डोंगररांगेच्या पश्चिम उतारावर ओल्डहॅम हे शहर वसले आहे. आज ते ग्रेटर मँचेस्टरचा एक भाग म्हणून ओळखले जाते, आणि परक्या माणसाला आजूबाजूच्या लाल विटांच्या शहरांतून ते वेगळे ओळखूही येणार नाही. परंतु १९११ साली जगभरात कापूस कातणाऱ्या सुमारे १४ कोटी ३५ लाख चात्या (सुताला पीळ देऊन ते गुंडाळणारे फिरते दांडे) होत्या, आणि त्यांपैकी १ कोटी ६४ लाख एकट्या ओल्डहॅममध्ये होत्या. म्हणजे जगातल्या दर नऊ चात्यांपैकी एक या शहरात फिरत होती. १९०९ मध्ये फ्रान्स आणि जर्मनी हे दोन देश मिळून जितका कापूस कातत, त्याहून अधिक ओल्डहॅम कातत असे. १८०१ मध्ये १२,००० लोकवस्ती असलेले हे गाव शंभर वर्षांत १,३७,००० लोकांचे शहर झाले.

बोल्टन, ब्लॅकबर्न, बर्न्ली, प्रेस्टन, रॉचडेल अशी कापसावर वाढलेली शहरे लँकेशायरमध्ये पुष्कळ आहेत. त्यांतून ओल्डहॅम निवडण्याचे कारण असे की येथे तीन गोष्टी एकाच गावात एकत्र आल्या. सूत येथे कातले जाई, ते कातण्याची यंत्रेही येथेच घडत आणि जगभर विकली जात, शिवाय गिरण्यांचे समभाग मोठ्या प्रमाणावर तिथल्याच कामगारांच्या आणि दुकानदारांच्या हाती असत. शहराचा उत्कर्ष आणि त्याची पडझड या दोन्ही गोष्टी या तिहेरी गुंतवणुकीतून उलगडतात, आणि मुंबईच्या गिरणगावाच्या इतिहासाचा एक पदरही त्यातूनच निघतो.

इतके मोठे गिरणी-शहर इथेच का उभे राहिले, याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. सुरुवातीच्या कापूस गिरण्या पाणचक्क्यांवर चालत, त्यामुळे त्या नद्यांच्या काठी उभ्या राहिल्या. ओल्डहॅम मात्र समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरहून अधिक उंचीवर, अर्क आणि मेडलॉक या दोन छोट्या नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर आहे, आणि मोठी नदी त्याच्या वाट्याला आलेलीच नाही. कापसाआधी येथे लोकरीचे हातमाग होते आणि फेल्टच्या टोप्या बनवण्याचा धंदा होता. ओल्डहॅमच्या लोकांना आजही ‘रफयेड’, म्हणजे खरबरीत डोक्याचे, म्हणतात. ते नाव या टोपीवाल्यांवरूनच पडले असे मानले जाते. १७७८ मध्ये विल्यम क्लेग याने लीझ हॉल येथे पहिली गिरणी सुरू केली. पण खरा वेग आला तो वाफेच्या इंजिनामुळे, कारण ओल्डहॅमच्या जमिनीखाली कोळसा होता. पश्चिमेकडून येणारे ढग पेनाइनला अडून हवेत जो ओलावा राखतात, त्याचाही उपयोग झाला. कोरड्या हवेत सूत ठिसूळ होऊन तुटते. कापसाच्या खरेदीविक्रीचे लिव्हरपूल आणि सुताचा बाजार असलेले मँचेस्टर ही दोन्ही ठिकाणे जवळ होती, मात्र डोंगरावर रेल्वे आणणे सोपे नव्हते. १८४२ मध्ये वर्नेथपर्यंत जो लोहमार्ग आला, त्याचा चढ सत्तावीस फुटांमागे एक फूट इतका होता, आणि आरंभी गाड्या दोराच्या साह्याने वर ओढाव्या लागत.

राजकारणात हे गाव सुरुवातीपासूनच आक्रमक होते. १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानावर मताधिकाराच्या मागणीसाठी जमलेल्या हजारो लोकांवर घोडदळ घालण्यात आले. हीच पीटर्लूची कत्तल. त्या सभेला ओल्डहॅमहून मोठा जमाव गेला होता. त्यात जॉन लीझ नावाचा कापूस कातणारा एक तरुण होता. हा तरुण वॉटर्लूच्या लढाईत इंग्लंडच्या बाजूने लढून आलेला होता. मैदानावर झालेल्या जखमांनी तो तीन आठवड्यांनी मरण पावला, आणि त्याच्या मृत्यूची चौकशी ओल्डहॅममध्ये सुरू झाली तेव्हा ती देशभर गाजली. १८३२ च्या सुधारणा कायद्यानंतर शहराला पहिल्यांदा संसदेत दोन जागा मिळाल्या, आणि मतदारांनी विल्यम कॉबेट आणि जॉन फील्डन या दोन जहाल मंडळींना निवडून दिले. स्वतः गिरणीमालक असलेल्या फील्डनने पुढे १८४७ मध्ये स्त्रिया आणि किशोरवयीन कामगारांचा कामाचा दिवस दहा तासांवर आणणारा कायदा मंजूर करवून घेतला.

आता गिरणीच्या आत काय चाले, ते पाहू, कारण पुढचे बरेचसे अर्थकारण त्या यंत्रांवरच अवलंबून आहे. गाठींतून आलेला कापूस आधी सुटा करून, झटकून स्वच्छ केला जाई. मग तो पिंजून त्याचे तंतू एका दिशेला आणले जात आणि त्याचा जाड, मऊ पेळू तयार होई. अनेक पेळू एकत्र ओढून पुन्हा पुन्हा बारीक केले जात, आणि शेवटी त्यांना पीळ देऊन सूत निघे. हे शेवटचे काम ओल्डहॅममध्ये ‘म्यूल’ या यंत्रावर होई. बोल्टनच्या सॅम्युअल क्रॉम्प्टनने १७७९ मध्ये ते शोधले आणि १८३० च्या सुमारास मँचेस्टरच्या रिचर्ड रॉबर्ट्सने ते बरेचसे स्वयंचलित केले. म्यूलमध्ये चात्यांची एक लांबच लांब गाडी रुळांवर बसवलेली असते. गाडी सुमारे पाच फूट बाहेर येते तेव्हा पेळू ताणला जाऊन त्याला पीळ बसतो, आणि गाडी आत जाते तेव्हा तयार झालेले सूत चात्यांवर गुंडाळले जाते. एकेका गाडीवर हजाराहून अधिक चात्या असत. अशा दोन गाड्या समोरासमोर ठेवून त्यांच्यामध्ये मुख्य कातारी आणि त्याचे दोन मदतनीस दिवसभर अनवाणी फिरत, कारण तेलाने निसरड्या झालेल्या लाकडी जमिनीवर पायताण टिकत नसे. तुटलेला धागा गाडी चालू असतानाच बोटांनी जोडायचा, हे मदतनिसांचे काम होते.

मुख्य कातारी गिरणीकडून कामानुसार पैसे घेई आणि त्यातून मदतनिसांचा पगार स्वतः देई. त्यामुळे एकाच खोलीतल्या तीन माणसांपैकी एक बऱ्यापैकी मिळवता असे, आणि उरलेले दोघे त्याची जागा केव्हा रिकामी होते याची वर्षानुवर्षे वाट पाहत. या जागा जवळपास पूर्णपणे पुरुषांच्या होत्या. पिंजण खात्यात स्त्रिया मोठ्या संख्येने असत, आणि तिथे हवेत भरलेल्या कापसाच्या धुळीने फुप्फुसे निकामी होत. म्यूलवरच्या पुरुषांना वेगळाच आजार जडे. चात्यांचे खनिज तेल वर्षानुवर्षे कपड्यांतून झिरपून मांड्यांना आणि जननेंद्रियाजवळच्या त्वचेला लागे आणि त्यातून कर्करोग होई. मँचेस्टरच्या डॉक्टरांनी १९२० च्या दशकात हा संबंध दाखवला, तोवर कित्येक पिढ्या तशाच गेल्या होत्या. मुलांची कथाही फार वेगळी नव्हती. अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस गिरणी ही पद्धत १९१८ च्या शिक्षण कायद्याने संपली. ओल्डहॅमजवळच्या स्प्रिंगहेडची ॲनी केनी दहाव्या वर्षी अशीच अर्धवेळ गिरणीत लागली आणि कामात तिने एक बोट गमावले. १९०५ मध्ये मँचेस्टरच्या सभेत ख्रिस्ताबेल पँकहर्स्टसोबत उभी राहून स्त्रियांच्या मताधिकाराचा प्रश्न विचारल्याबद्दल ती तुरुंगात गेली. ओल्डहॅमच्या जुन्या टाऊन हॉलसमोर २०१८ पासून तिचा पुतळा उभा आहे.

ही म्यूल यंत्रे बनवणारा जगातला सर्वांत मोठा कारखाना ओल्डहॅममध्येच होता. हेन्री प्लॅट याने सॅडलवर्थच्या डोंगराळ भागात पिंजणयंत्रे बनवायला सुरुवात केली, पुढे हे कुटुंब ओल्डहॅमला आले, आणि वर्नेथमधल्या हार्टफर्ड वर्क्समध्ये ‘प्लॅट ब्रदर्स’चा कारखाना इतका वाढला की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे दहा हजारांहून अधिक माणसे काम करत होती. कापूस स्वच्छ करण्यापासून सूत कातेपर्यंतची सगळी यंत्रे एकाच कारखान्यातून मिळत असल्याने परदेशात नवी गिरणी काढणाऱ्याला ते सोयीचे पडे. रशिया, जपान आणि हिंदुस्थान ही प्लॅटची मोठी गिऱ्हाइके होती. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिली यशस्वी कापूस गिरणी स्थापन केली आणि त्यानंतर गिरणगाव आकाराला येत गेले, त्यात प्लॅटची यंत्रे मोठ्या प्रमाणावर होती. यंत्रांबरोबर ती बसवणारे फिटर आले, आणि सुरुवातीच्या काळात व्यवस्थापक आणि खात्यांचे मास्तरही लँकेशायरहून आले.

याचा परिणाम काय झाला, हे ओल्डहॅमला १८८० च्या दशकात कळले. ओल्डहॅमचा भर जाड्या आणि मध्यम सुतावर होता; बारीक सूत बोल्टनकडे होते. मुंबईच्या गिरण्याही जाडेच सूत कातत आणि ते चीनला पाठवत. पाहता पाहता चीनच्या बाजारातून जाडे लँकेशायरी सूत मागे हटले आणि मुंबईचे सूत पुढे गेले, इतके की मँचेस्टरच्या व्यापारी मंडळाला १८८७-८८ मध्ये या स्पर्धेची खास चौकशी करावी लागली. ओल्डहॅमच्या एका टोकाला यंत्रे विकून नफा होत होता आणि दुसऱ्या टोकाला त्याच यंत्रांनी कातलेल्या सुतामुळे गिऱ्हाईक जात होते. या विसंगतीची जाणीव तिथल्या लोकांना नव्हती असे नाही. पण यंत्रे न विकावीत असे म्हणणारा कुणी निघाला असता, तर प्लॅटच्या हजारो कामगारांनीच त्याला गप्प केले असते. मालकवर्गाने उपाय शोधला तो कलकत्ता-लंडनच्या राजकारणात. १८८२ मध्ये हिंदुस्थानातील कापडावरची आयात जकात काढून टाकण्यात आली; पुढे महसुलासाठी ती परत लावावी लागली तेव्हा १८९६ मध्ये हिंदुस्थानी गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी कर बसवण्यात आला, तो केवळ लँकेशायरचा तोल राखण्यासाठी.

त्याआधी १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे कापूस येणे बंद झाले आणि लँकेशायरमध्ये ‘कापसाचा दुष्काळ’ पडला. गिरण्या बंद, घरे गहाण, दाराशी धर्मादाय समित्यांचे कार्यकर्ते, अशी सर्वत्र स्थिती होती. पर्याय म्हणून मुंबई बंदरातून जो कापूस येई त्याला इंग्लंडमध्ये सरसकट ‘सुरती’ म्हणत, मग तो गुजरातचा असो, खानदेशचा असो की वऱ्हाडचा. त्याचा तंतू आखूड, कचरा फार, आणि कातताना तो सतत तुटे. कामानुसार पैसे मिळणाऱ्या कामगाराची त्यात दुहेरी हानी होई. देवा, कापूस पाठव पण सुरती नको, अशी प्रार्थना कुणीतरी केल्याची कथा लँकेशायरमध्ये अजून सांगतात. ओल्डहॅमला मात्र याची झळ ब्लॅकबर्न किंवा प्रेस्टनइतकी बसली नाही. एक तर जाड्या सुताला आखूड कापूस चालवून घेता येई, आणि दुसरे म्हणजे यंत्रांत हवा तो फेरफार करून देणारा कारखाना गावातच होता. शिवाय परदेशातून यंत्रांना मागणी होतीच. तरीही बेकारांना काम देण्यासाठी शहराने एक मोठे उद्यान बांधायला घेतले. ते अलेक्झांड्रा पार्क १८६५ मध्ये खुले झाले आणि आजही ते शहरातले सर्वांत सुंदर ठिकाण आहे. तिथे एक पुतळा आहे तो जोसेफ हॉवर्थ या अंध दवंडीवाल्याचा. गावाला वर्षानुवर्षे घंटा वाजवून बातम्या सांगणाऱ्या माणसाला अशी जागा मिळावी, हे ओल्डहॅमच्या स्वभावाला धरूनच आहे. याच चार वर्षांत मुंबईत कापसाच्या भावाने पैशांचा पूर आला, प्रेमचंद रायचंदांच्या काळातले समभागांचे वेड माजले आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये ते कोसळले, हे मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे.

ओल्डहॅमचे समभागांचे वेड काही वर्षांनी आले आणि ते अगदी वेगळ्या जातीचे होते. १८५०च्या दशकाच्या मध्यात इंग्लंडमध्ये मर्यादित दायित्वाचा कायदा झाला. म्हणजे कंपनी बुडाली तर भागधारकाचे नुकसान त्याच्या समभागाच्या रकमेपुरतेच राहील, घरदार जाणार नाही. सहकारी चळवळीत वाढलेल्या काही कामगारांनी या सोयीचा फायदा घेऊन १८५८ मध्ये एक कंपनी काढली, आणि तिने पुढे ‘सन मिल’ ही मोठी गिरणी उभारली. तिचा नफा पाहून १८७३ ते १८७५ या काळात डझनावारी नव्या कंपन्या निघाल्या. यांना ‘ओल्डहॅम लिमिटेड्स’ म्हणत. समभाग बहुधा पाच पौंडांचा असे आणि तोही हप्त्याहप्त्याने भरायचा असे. शिवाय कंपन्या लोकांकडून ठेवी घेत. कामगाराच्या दृष्टीने गिरणी ही जणू बचत बँकच होती, आणि व्याज बँकेपेक्षा बरे मिळे. दर तिमाहीला ताळेबंद प्रसिद्ध होई, वर्तमानपत्रांत तो छापून येई, आणि कोणत्या गिरणीने किती कमावले यावर गुत्त्यांत आणि प्रार्थनामंदिरांच्या दारांत चर्चा चाले. आपण ज्या गिरणीत काम करतो तिचे समभाग घेण्यापेक्षा शेजारच्या गिरणीचे घेणे लोकांना बरे वाटे, असेही नोंदले गेले आहे. स्वतःच्या गिरणीतल्या भानगडी माहीत असणाऱ्या माणसाचा हा व्यवहारी विचार समजण्यासारखा आहे.

कामगारच भागधारक असल्याने मालक-मजूर संघर्ष संपला, असे मात्र झाले नाही. ओल्डहॅमची कातारी संघटना इंग्लंडमधल्या सर्वांत बळकट संघटनांपैकी एक होती. तिने १८७० च्या दशकात जे दरपत्रक मिळवले, ते ‘ओल्डहॅम लिस्ट’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्याचे तत्त्व असे : म्यूलची गाडी एका ठरावीक गतीने चालते असे धरून मजुरी ठरवायची, यंत्राची गती वाढवून उत्पादन वाढले तर त्या वाढीचा लाभ मालक आणि कामगार यांनी निम्मा-निम्मा वाटून घ्यायचा. त्यामुळे यंत्र वेगाने चालवण्यात दोघांनाही रस राहिला, आणि ओल्डहॅमची यंत्रे आसपासच्या शहरांपेक्षा भरधाव चालू लागली. बाजार मंदावला की मजुरीतल्या कपातीवरून संघर्ष पेटे. १८९२-९३ मध्ये मालकांना पाच टक्के कपात हवी होती. वीस आठवड्यांच्या टाळेबंदीनंतर मार्च १८९३ मध्ये ब्रुकलँड्स येथे करार झाला आणि कपात तीन टक्क्यांच्या आत राहिली. या करारात तक्रारींचा निवाडा कोणत्या पायऱ्यांनी करायचा हे लिहून ठेवले होते, आणि पुढची वीस वर्षे गिरणी-उद्योग त्यावर चालला.

अशा शहराचे राजकारण डावे असेल, असा कुणाचाही समज होईल. प्रत्यक्षात ते तसे सरळ नव्हते. १८९९ च्या पोटनिवडणुकीत हुजूर पक्षाने ओल्डहॅममधून दोन उमेदवार दिले. त्यांतला एक होता तरुण विन्स्टन चर्चिल, आणि दुसरा जेम्स मॉड्स्ली, म्हणजे कातारी संघटनांच्या महासंघाचा सरचिटणीस. कामगार पुढारी आणि सरदारपुत्र यांची जोडी हरली. पुढच्या वर्षी, बोअर युद्धातल्या कैदेतून सुटून आलेला चर्चिल याच शहरातून पहिल्यांदा संसदेत गेला. १९०४ मध्ये तो पक्ष सोडून उदारमतवाद्यांना मिळाला, त्याचे तात्कालिक कारण खुला व्यापार हे होते, आणि ओल्डहॅमसारख्या निर्यातीवर जगणाऱ्या शहरात या प्रश्नाला जे महत्त्व होते ते लंडनमध्ये बसून कळले नसते.

वर्षातून एकदा, ऑगस्टच्या अखेरीस, ‘वेक्स’ची सुट्टी येई. सर्व गिरण्या एकाच वेळी बंद होत, धुराडी थंड पडत आणि शहर बहुतेक रिकामे होऊन ब्लॅकपूलच्या समुद्रकिनाऱ्यावर जाई. त्यासाठी वर्षभर आठवड्याला थोडे थोडे पैसे बचत मंडळात टाकलेले असत. खाणेही गिरणीच्या वेळापत्रकाला साजेसे होते : ‘रॅग पुडिंग’ म्हणजे खिमा आणि कांद्याचे सारण चरबीयुक्त कणकेत गुंडाळून, सुती फडक्यात बांधून उकडलेला पदार्थ, हा ओल्डहॅमचा मानला जातो. बटाट्याचे चिप्स इंग्लंडमध्ये पहिल्यांदा आपल्याच टॉमीफील्ड बाजारात विकले गेले असा दावाही शहर करते. असा दावा करणारी इतरही ठिकाणे आहेत.

१९०४ नंतरच्या तेजीत जी शेवटची मोठी गिरणी-बांधणी झाली, तिच्यामुळे ओल्डहॅमची आज दिसणारी आकृती ठरली. चार-पाच मजली, सपाट छताच्या, कडक लाल विटांच्या या इमारतींची रचना स्टॉट घराण्यासारख्या स्थानिक वास्तुकारांनी केली. आग विझवण्याच्या पाण्याची टाकी वाहणारा एक मनोरा वर निघे आणि त्यावर पांढऱ्या विटांत गिरणीचे नाव असे : रॅम, ड्युरबन. शिखरावर असताना शहरात ३६० हून अधिक गिरण्या होत्या.

या गिरण्यांमध्ये बहुतेक म्यूलच बसवली गेली, याबद्दल नंतर फार टीका झाली. ‘रिंग’ हे नवे यंत्र सूत अखंड कातते, त्याला कुशल कातारी लागत नाही, आणि नागपूरच्या एम्प्रेस मिलने ते १८८० च्या दशकातच स्वीकारले होते. १९१३ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे चार-पंचमांश चात्या अजून म्यूलवरच्याच होत्या. याला आळस म्हणून मोकळे होणे सोपे आहे. कारण व्यावहारिक होते. ओल्डहॅम फक्त कातत असे, विणकाम तीस-चाळीस किलोमीटरवरच्या बर्न्ली आणि ब्लॅकबर्नमध्ये होई. म्यूलचे सूत कागदी नळीवर हलकेच पाठवता येई, रिंगचे सूत जड लाकडी कांडीवर असे आणि रिकामी कांडी परत आणायचा खर्चही पडे. मुंबई-नागपूरच्या गिरण्यांत सूत आणि माग एकाच आवारात असल्याने ही अडचणच नव्हती. शिवाय कुशल कातारी ओल्डहॅमला मुबलक मिळत होते. निर्णय त्या दिवशी बरोबर होता, परंतु अशा प्रत्येक बरोबर निर्णयाने शहर जुन्या रचनेत आणखी घट्ट अडकत गेले. १९२६ मध्येसुद्धा एल्क मिल म्यूलसाठीच बांधली गेली. लँकेशायरमधली ती अशी शेवटची गिरणी.

खरा घाव बसला तो पहिल्या महायुद्धानंतर. १९१९-२० मध्ये सुताचे भाव भडकले, आणि सटोडियांच्या टोळ्यांनी लँकेशायरच्या कातणाऱ्या गिरण्यांपैकी जवळपास निम्म्या मूळ किमतीच्या कितीतरी पटींनी विकत घेऊन, बँकांचे कर्ज काढून, नव्याने बाजारात आणल्या. समभाग पुन्हा लोकांनीच घेतले, आणि तेही अर्धेमुर्धे भरलेले. १९२१ मध्ये बाजार कोसळला. आता कंपन्या न भरलेल्या हप्त्यांची मागणी करू लागल्या, ठेवी परत मिळेनात, आणि ज्यांची नोकरी गेली होती त्यांच्याच नावावर गिरणीचे देणे निघाले. मजुरी, बचत आणि घराची किंमत या तिन्ही गोष्टी एकाच धंद्यात अडकल्या असताना तो धंदा बुडाला तर काय होते, ते ओल्डहॅमने तेव्हा पाहिले. १९१३ मध्ये ब्रिटनने सुमारे ७०० कोटी यार्ड कापड निर्यात केले होते आणि त्यांतले जवळपास ३०० कोटी यार्ड हिंदुस्थानात गेले होते. ही बाजारपेठ आटली ती हिंदुस्थानी गिरण्या, जपानी स्पर्धा, वाढत्या जकाती आणि स्वदेशीची चळवळ या साऱ्यांच्या एकत्रित परिणामाने. सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी लँकेशायरमधल्या डार्वेनला जाऊन बेकार कामगारांना भेटले तेव्हा ही घसरण दहा वर्षे जुनी झाली होती. १९२९ मध्ये बँक ऑफ इंग्लंडच्या पुढाकाराने लँकेशायर कॉटन कॉर्पोरेशन स्थापन झाली. तिने बुडत्या गिरण्या ताब्यात घेऊन लाखो चात्या भंगारात काढल्या. त्याच वर्षी प्लॅट ब्रदर्सने जपानच्या टोयोडा कंपनीकडून स्वयंचलित मागाचे हक्क एक लाख पौंडांना विकत घेतले. ज्या देशाला ओल्डहॅमने यंत्रे विकून कातायला शिकवले, त्याच्याकडून आता यंत्रविद्या विकत घ्यायची वेळ आली होती. हा करार करणाऱ्या घराण्याने पुढे टोयोटा मोटारींचा कारखाना काढला.

दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेल्या गिरण्यांनी नवी यंत्रे बसवली, आणि त्यांचा खर्च निघावा म्हणून ती रात्रंदिवस चालवणे भाग होते. रात्रपाळीला स्थानिक पुरुष तयार होईनात आणि स्त्रियांना कायद्याने ती करता येत नव्हती. ही जागा आधी पूर्व युरोपातून आलेल्या विस्थापितांनी आणि मग पाकिस्तानच्या मीरपूर आणि बांगलादेशाच्या सिल्हेट भागातून आलेल्या पुरुषांनी भरली. मीरपूरच्या अनेकांची जमीन १९६० च्या दशकात मंगला धरणाखाली गेली होती. हे लोक ग्लॉडविक आणि वेस्टवुड या स्वस्त घरांच्या वस्त्यांत राहिले. त्यांची मुले मोठी होईपर्यंत गिरण्याच संपल्या. १९९८ मध्ये एल्क मिलमध्ये शहरातले शेवटचे सूत कातले गेले. ज्या कामासाठी दोन समाज एका छताखाली आले होते ते काम गेल्यावर ते वेगवेगळ्या वस्त्यांत, वेगवेगळ्या शाळांत राहिले. मे २००१ मध्ये ग्लॉडविकमध्ये दंगल पेटली, आणि नंतरच्या सरकारी अहवालांनी या शहरांतली माणसे समांतर आयुष्ये जगत असल्याचे म्हटले. घरवाटपाची जुनी पद्धत आणि घरांच्या दलालांचे वागणे यांवरही त्यात ठपका होता, हे बहुधा विसरले जाते. २०२१ च्या जनगणनेत या परगण्याची लोकसंख्या सुमारे २ लाख ४२ हजार होती, आणि त्यांतले जवळपास एक-चतुर्थांश लोक आशियाई वंशाचे होते.

कापसाबाहेरची एक घटना इथे नोंदवायलाच हवी. २५ जुलै १९७८ रोजी ओल्डहॅमच्या सरकारी रुग्णालयात लुईस ब्राउन या जगातल्या पहिल्या ‘टेस्ट ट्यूब’ बाळाचा जन्म झाला. डॉ. पॅट्रिक स्टेपटो इथेच नोकरीला होते, केंब्रिजहून रॉबर्ट एडवर्ड्स आणि जीन पर्डी वर्षानुवर्षे प्रवास करून येत, आणि बरेचसे संशोधन शेजारच्या रॉयटनमधल्या एका छोट्या रुग्णालयात झाले. देशातल्या नामवंत वैद्यकीय केंद्रांनी ज्या कामाकडे संशयाने पाहिले, ते एका गिरणी-शहरात पार पडले.

प्लॅट ब्रदर्सचा कारखाना १९८० च्या दशकात बंद झाला. गिरण्यांच्या ज्या इमारती राहिल्या, त्यांतल्या कित्येक टपालाने माल विकणाऱ्या कंपन्यांची गोदामे झाल्या, काहींत फर्निचरची दुकाने आणि छोटे कारखाने आले. मुंबईत गिरण्या बंद पडल्या तेव्हा परळ-लोअर परळच्या जमिनीची किंमत इतकी होती की इमारती पाडून टॉवर आणि मॉल उभे राहिले. ओल्डहॅममध्ये जमीन स्वस्त असल्याने पाडण्याचाही खर्च कुणाला परवडत नव्हता, म्हणून त्या उभ्या राहिल्या. १९०७ मध्ये बांधलेली हार्टफर्ड मिल संरक्षित वास्तू असूनही वर्षानुवर्षे बेवारस पडून राहिली आणि काही वर्षांपूर्वी घरांसाठी जागा करण्याकरिता पाडण्यात आली. २०१२ पासून मँचेस्टरची ट्राम ओल्डहॅमला येते, आणि त्याबरोबर या इमारतींमध्ये सदनिका काढण्याच्या योजना पुन्हा निघू लागल्या आहेत. मँचेस्टरच्या अँकोट्स भागातल्या जुन्या गिरण्यांत हे गणित जमले, कारण तिथे घरांना भाव येतो. ओल्डहॅममध्ये एका गिरणीच्या दुरुस्तीला लागणारा पैसा त्यातल्या घरांच्या विक्रीतून सहसा निघत नाही, त्यामुळे सरकारी अनुदानाशिवाय विकसक पुढे येत नाहीत.